आधी तोंड कुठे आहे ते पाहा: परदेशी राजकारणातलं डावं-उजवं वाचण्याची रीत

मांडवीखाली उभं राहून चांपानेर दरवाज्याकडे तोंड केलं की पाणीगेट उजव्या हाताला येतं. तिथल्या तिथे वळून गेंडीगेटकडे तोंड केलं की तेच पाणीगेट डावीकडे. दरवाजा हललेला नाही. आता पाणीगेटकडे, म्हणजे पूर्वेला तोंड करा. उजव्या हाताला गेंडीगेट येईल, म्हणजेच दक्षिण. ‘दक्षिण’ या शब्दात दिशा आणि उजवा हात दोन्ही सामावले आहेत, कारण तो शब्द सूर्योदयाकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा आहे. हिंदी वाहिनीवरचा ‘दक्षिणपंथी’ त्यातूनच येतो.

वडोदऱ्यातल्या मराठी घरात हा घोळ चौपट होतो. सकाळच्या गुजराती पेपरात ‘डाबेरी’ आणि ‘जमणेरी’, टीव्हीवर ‘वामपंथी’ आणि ‘दक्षिणपंथी’, मराठी वाचनात ‘डावे’ आणि ‘उजवे’, आणि न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला की ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’. चारही जोड्या एकच समजून आपण टोरांटो, मेलबर्न, बर्लिन इथल्या निवडणुकांवर मतं ठोकून देतो. खाली दिलेली रीत वापरली तर एका देशाचा कागद तयार व्हायला पहिल्यांदा दोनेक तास जातात. सवय झाली की अर्ध्या तासात होतो.

शब्द कुठून आला, तेवढंच

1789 साली व्हर्सायला फ्रेंच राष्ट्रीय सभेत वाद होता की राजाला नकाराधिकार असावा की नाही. असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, नसावा म्हणणारे डाव्या हाताला. ही उजवी बाजू अध्यक्षांच्या खुर्चीवरून पाहिलेली, हे लक्षात ठेवा. आपल्या ताटाचंही तसंच आहे. चटणी-कोशिंबीर डावी बाजू, भाजी उजवी बाजू, पण जेवणाऱ्याच्या अंगाने. समोरून वाढणाऱ्याला सगळं उलटं दिसतं, म्हणून नवखा वाढपी पहिल्या पंगतीत हमखास चुकतो.

म्हणजे मूळ भांडण राजाच्या अधिकाराचं होतं. कर, कारखाने, कामगार हे सगळं नंतर त्यावर चढलं. बसायच्या जागेवरून तर आता काहीच ठरत नाही. ब्रिटिश संसदेत आणि आपल्या लोकसभेत सत्ताधारी पक्ष सभापतींच्या उजवीकडे बसतो, मग तो कुठल्याही विचाराचा असो.

कागद आखणे

एक ए-फोर कागद आडवा घ्या. त्यावर दहा-दहा सेंटीमीटरच्या पाच आडव्या पट्ट्या आखा आणि प्रत्येक सेंटीमीटरवर खूण करा. पेन्सिलच वापरा, पुढे कारण येईल. पट्टीच्या टोकांना ‘डावं’ आणि ‘उजवं’ असं लिहायचं नाही. तिथेच सगळी गोम आहे. टोकाला मागणी लिहायची.

पहिली पट्टी पैशाची: एका टोकाला ‘सरकारने चालवावं, सरकारने वाटावं’, दुसऱ्या टोकाला ‘बाजारावर सोडावं’. दुसरी समाजाची: ‘रूढी मोडायला कायद्याने हात घालावा’ ते ‘बसलेली घडी मोडू नये’. तिसरी वेशीची: बाहेरून येणाऱ्यांना दार उघडं ते दार बंद. इथे माणसं आणि माल यांच्या खुणा वेगळ्या करा, कारण स्वस्त माल हवा पण परदेशी मजूर नको, किंवा याच्या नेमकं उलट, असे पक्ष पुष्कळ आहेत. चौथी पट्टी सत्ता एका जागी असावी की प्रांतांत वाटलेली. पाचवी कोरी सोडा. ती त्या देशाच्या स्वतःच्या जुन्या भांडणासाठी आहे आणि बहुतेक वेळा तीच सर्वांत महत्त्वाची ठरते.

आता पक्षाची खूण करायच्या आधी, प्रत्येक पट्टीवर त्या देशात *आज चालू असलेला कायदा* कुठे आहे तिथे उभी रेघ मारा. ही पायरी गाळली की बाकीचा कागद फुकट जातो. ‘उजवा’ पक्ष बहुधा आहे ते टिकवायचं म्हणतो, आणि ‘आहे ते’ प्रत्येक देशात निराळं असतं. ब्रिटनमध्ये 1948 पासून सरकारी आरोग्यसेवा आहे आणि दवाखान्यात उपचार घेताना पैसे मोजावे लागत नाहीत. ती मजूर पक्षाने आणली, पण तिथला हुजूर पक्षही ती मोडू असं सांगून निवडणूक लढवत नाही. त्याच व्यवस्थेची मागणी अमेरिकेत केली तर माणूस पार डाव्या टोकाचा गणला जातो. म्हणजे लंडनचा उजवा नेता आरोग्याच्या पट्टीवर वॉशिंग्टनच्या बऱ्याच डाव्यांच्याही डावीकडे उभा असतो. त्याच्या विचारात फरक नाही, रेघेत आहे.

रेघ मारताना दुसरी एक चूक होते: कायदा आणला कोणी, यावरून तो डावा की उजवा ते ठरवणं. जर्मनीत आजारपणाचा विमा 1883 मध्ये, अपघात विमा 1884 मध्ये आणि वृद्धापकाळ व अपंगत्वाचा विमा 1889 मध्ये आला, आणि तो आणला राजनिष्ठ चॅन्सेलर बिस्मार्कने. याच बिस्मार्कने 1878 मध्ये समाजवाद्यांवर बंदीचा कायदा केला होता. कामगार समाजवाद्यांकडे जाऊ नयेत म्हणून त्याने राज्याकडून विमा दिला. पैशाच्या पट्टीवर तो डावीकडे सरकला, ते सत्तेचा गड राखायला.

पाचवी पट्टी

इथे घाई करू नका. त्या देशाची गेल्या शंभरेक वर्षांतली सर्वांत खोल जखम कोणती, हे शोधा. यादवी, फाळणी, परकी सत्ता, धर्मपीठाशी झगडा, यांपैकी काहीतरी सापडतंच.

इस्रायलमध्ये डावं-उजवं मुख्यतः पॅलेस्टिनी प्रश्न, भूभाग आणि सुरक्षा यांवर ठरतं. तिथे गरीब मतदार डावीकडे असतील असं धरून चाललात तर फसाल. 1977 मध्ये लिकुड हा उजवा पक्ष पहिल्यांदा सत्तेवर आला तो अरब देशांतून आलेल्या, तुलनेने गरीब ज्यू वस्त्यांच्या मतांवर. तैवानमध्ये पाचव्या पट्टीवर एकच प्रश्न: चीनशी नातं किती जवळचं. तिथे निळी आणि हिरवी छावणी आहे, आणि त्या रंगांचा ना भांडवलाशी संबंध ना पर्यावरणाशी. दक्षिण कोरियात उत्तर कोरियाशी बोलायचं की ताठर राहायचं, हा प्रश्न जवळपास त्याच जागी आहे.

आयर्लंडचं उदाहरण तर फारच बोलकं. फिआना फॉल आणि फिन गेल हे दोन मोठे पक्ष 1921 च्या ब्रिटनबरोबरच्या तहावरून झालेल्या यादवीतून निघाले. तह मानणाऱ्यांचा वारसा एकाकडे, न मानणाऱ्यांचा दुसऱ्याकडे. पैशाच्या पट्टीवर दोघे शेजारी-शेजारी, तरी एकत्र सरकार करायला त्यांना 2020 साल उजाडावं लागलं. पहिल्या चार पट्ट्यांवरून हे भांडण दिसणारच नाही.

फ्रान्समध्ये ही जागा धर्म आणि राज्य यांच्या फारकतीची. 1905 चा कायदा डाव्यांनी कॅथलिक धर्मपीठाविरुद्ध आणला. 2004 मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आली तेव्हा सरकार उजव्यांचं होतं आणि बहुतेक समाजवादीही मतदानात सोबत होते. शब्द तोच, पण रोख चर्चवरून मुस्लिम मुलींच्या डोईवरच्या रुमालाकडे सरकला. मराठीतला ‘धर्मनिरपेक्षता’ हा शब्द इथे चिकटवू नका. आपल्याकडे त्याचा रोख सर्व धर्मांना समान वागणूक असा धरला जातो, तिथे सरकारी जागेतून धर्मच बाहेर, असा.

नाव आणि रंग: यावर एकही खूण करायची नाही

मेलबर्नची चुलत बहीण आणि टोरांटोचा आतेभाऊ दोघेही ‘यंदा लिबरलला मत दिलं’ म्हणाले तर दोघांनी जवळजवळ उलटं मत दिलेलं असतं. ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष तिथला मुख्य उजवा पक्ष आहे. कॅनडाचा लिबरल पक्ष मध्यापासून किंचित डावीकडचा. जर्मनीतले लिबरल म्हणजे कमी कर आणि मोकळा बाजार मागणारे. अमेरिकेत त्या नावाचा मोठा पक्षच नाही, तिथे ‘लिबरल’ हे विशेषण आहे आणि ते डावीकडच्यांना लावतात, पुष्कळदा शिवी म्हणून. आणि आपण या चौघांनाही ‘उदारमतवादी’ म्हणून मोकळे होतो, रानडे-गोखल्यांच्या पंगतीत बसवून. नाव आलं की ते नागरीत तसंच लिहा, भाषांतर करू नका.

डेन्मार्कमध्ये तर पक्षाचं नावच ‘व्हेन्स्त्रे’, म्हणजे सरळ ‘डावे’, आणि पक्ष उजवीकडचा. असं का झालं ते समजून घेतलं तर पुढे पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतं. 1870 मध्ये तो पक्ष निघाला तेव्हा समोर जमीनदार आणि राजाचे अधिकारी होते, त्यांना ‘उजवे’ म्हणत. त्यांच्या तुलनेत हे शेतकरी डावेच. मग कामगारांचा सोशल डेमोक्रॅट पक्ष वाढला आणि त्याने डावी बाजू व्यापली. व्हेन्स्त्रे फारसे हलले नाहीत, पण बाकावर नवा माणूस येऊन बसला की आधीचा आपोआप पलीकडे सरकतो. पाटी मात्र जुनीच राहिली.

पोर्तुगालमध्ये ‘सोशल डेमोक्रॅट’ नावाचा पक्ष उजवीकडे झुकलेला आहे. 1974 च्या क्रांतीनंतर तिथे हवाच अशी होती की उजव्यालाही डावं नाव बरं वाटावं. तिथल्या 1976 च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत समाजवादी समाजाकडे जाण्याची वाट मोकळी करण्याची भाषा आहे.

रंगांचं थोडक्यात: जगात बहुतेक ठिकाणी लाल डावा आणि निळा उजवा. अमेरिकेत 2000 च्या निवडणुकीपासून नेमकं उलटं रूढ झालं, लाल म्हणजे रिपब्लिकन. भाच्याने पाठवलेला लाल-निळा नकाशा पाहून ‘बापरे, निम्मी अमेरिका लाल’ म्हणू नका.

‘जैसे थे’वाला डावा

काही देशांत सत्तेवर बसलेली जुनी चौकट हीच डावी असते. तिथे ‘कर्मठ’ आणि ‘डावे’ एकाच माणसाची विशेषणं होतात. चीनमध्ये 1957 च्या मोहिमेत ‘उजवे’ ठरवून लाखो लोकांना शिक्षा झाल्या, त्यांत पक्षावर टीका करणारे प्राध्यापक, लेखक होते. 1992 च्या दक्षिण दौऱ्यात चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांनी बजावलं की उजव्यांपासून सावध राहा, पण मुख्य धोका डाव्यांकडून आहे. डावे म्हणजे बाजार खुला करायला विरोध करणारे जुन्या वळणाचे साम्यवादी. सोव्हिएत संघाच्या शेवटच्या वर्षांतही बातम्यांतले ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणजे कट्टर कम्युनिस्ट असत. मराठीत त्याचं ‘उजवे’ असं भाषांतर केलं की अख्खा परिच्छेद उलटा होतो.

खूण कशावरून करायची

जाहीरनामा वाचा, पण त्यावर खूण करू नका. खूण तीन गोष्टींवरून करा. सत्तेत असताना कोणता कायदा केला. सभागृहात मत कोणाबरोबर दिलं. आणि सरकार बनवायला हात कोणाचा धरला. युरोपसाठी एक चौथी, फार सोपी खूण आहे: युरोपीय संसदेत तो पक्ष कोणत्या गटात बसतो ते पाहा. देशातलं नाव काहीही असो, तिथे त्याला सोयरे निवडावेच लागतात.

पोलंडचा कागद नमुना म्हणून भरू. ‘कायदा आणि न्याय’ हा पक्ष 2015 ते 2023 सत्तेत होता. बातमीत तो ‘कट्टर उजवा’. पैशाची पट्टी घ्या: एप्रिल 2016 पासून दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे दरमहा 500 झ्लॉटी, जुलै 2019 पासून पहिल्या मुलालाही. निवृत्तीचं वय आधीच्या सरकारने 2012 मध्ये 67 कडे नेलं होतं, ते यांनी पुन्हा स्त्रियांना 60 आणि पुरुषांना 65 केलं. दहा सेंटीमीटरच्या पट्टीवर ही खूण तिसऱ्या सेंटीमीटरच्या आसपास पडते, म्हणजे सरकारने वाटण्याच्या बाजूला. समाजाची पट्टी: चर्चशी घट्ट नातं, 2020 च्या घटना न्यायाधिकरणाच्या निकालानंतर गर्भपात जवळजवळ बंद. खूण नववर. वेशीची पट्टी: ब्रुसेल्सशी, म्हणजे युरोपीय संघाशी, सततची झटापट आणि निर्वासितांना विरोध, आठ-नऊ. आता त्यांचा प्रतिस्पर्धी ‘नागरी मंच’: वय 67 करणारं सरकार त्यांचंच, आणि युरोपीय संसदेत ते मध्य-उजव्या गटात बसतात. म्हणजे पोलंडची मुख्य लढत गटांच्या हिशेबाने दोन उजव्यांतली, आणि गरिबाच्या खिशात जास्त पैसे टाकणारा त्यांतला ‘जास्त उजवा’. एका शब्दात हे कसं मावणार?

अर्जेंटिनासाठी दोन कागद लागतात, पक्ष एकच असला तरी. पेरॉनवादी, म्हणजे जुने राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांचा वारसा सांगणारे, मेनेम यांनी 1990 च्या दशकात सरकारी तेल कंपनी विकली, आणि पेरॉनवादीच किर्चनर बाईंच्या सरकारने 2012 मध्ये तिचा बहुसंख्य हिस्सा परत घेतला. अशा वेळी खुणेशेजारी नेत्याचं नाव आणि साल लिहा.

पेन्सिल का, तेही इथेच. अमेरिकी प्रतिनिधिगृहात नोव्हेंबर 1993 मध्ये उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराला 234 मतं पडली, त्यांत 132 रिपब्लिकन आणि 102 डेमोक्रॅट. म्हणजे मोकळ्या व्यापाराचा कैवार रिपब्लिकनांकडे जास्त. मार्च 2018 मध्ये त्याच पक्षाच्या अध्यक्षांनी आयात पोलादावर 25 टक्के आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क लावलं. मालाच्या पट्टीवरची खूण पाव शतकात टोकाकडून टोकाकडे गेली. डेन्मार्कचे सोशल डेमोक्रॅटही पैशाच्या पट्टीवर जागेवरच राहून माणसांच्या पट्टीवर ‘दार बंद’कडे सरकले आहेत.

घरचा कागद

रीत नीट बसली का हे तपासायला शेवटी भारताचा कागद भरा. हा सर्वांत अवघड जातो, कारण इथे आपलं तोंड कुठे आहे ते आपल्यालाच दिसत नाही.

पैशाच्या पट्टीवर रेघ मारताना लक्षात ठेवा: 1989 पासून, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29अ प्रमाणे, नोंदणीसाठी पक्षाच्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहावीच लागते. म्हणजे कागदोपत्री इथे सगळेच समाजवादी. भाजपने 1980 मध्ये स्थापनेच्या वेळी ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला होता. सरकारी कंपन्या विकायला विरोध करणाऱ्यांत भारतीय मजदूर संघ आहे, आणि तो दत्तोपंत ठेंगडींनी 1955 मध्ये उभा केलेला, संघाच्या परिवारातला. पैशाच्या पट्टीवर खऱ्या अर्थाने बाजाराच्या टोकाला उभा राहिलेला मोठा पक्ष म्हणजे 1959 चा स्वतंत्र पक्ष, आणि त्याला गुजरातेत चांगलं बळ होतं.

दुसरीकडे सिंगूर. बंगालमध्ये 1977 ते 2011 डावी आघाडी सत्तेत होती. तिच्याच सरकारने टाटांच्या नॅनोसाठी सुमारे 1000 एकर जमीन घेतली, शेतकरी उठले, आणि ऑक्टोबर 2008 मध्ये कारखाना आपल्याकडे साणंदला आला. वडोदऱ्याहून अहमदाबादच्या पलीकडे जाताना तो कारखाना लागतो. ‘डाव्यांनी नॅनो घालवली’ हे वाक्य इथे सर्रास ऐकू येतं. ती आणू पाहणारे डावेच होते आणि आंदोलन तृणमूलचं होतं.

खरं तर मराठी वाचकाला दोन पट्ट्या वेगळ्या ठेवायची कला नवी नाही. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हा वाद आपण शाळेत पाठ केला आहे. टिळक राजकारणात जहाल, पण 1891 च्या संमतिवयाच्या विधेयकाला त्यांचा विरोध. आगरकर समाजाच्या पट्टीवर कितीतरी पुढे. आणि 1908 मध्ये त्याच टिळकांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. टिळक डावे की उजवे, हा प्रश्न विचारला तर उत्तर येणार नाही. पट्टीगणिक विचारला तर येतं. मवाळ-जहाल ही जोडी मात्र यात घालू नका, ती वेग आणि मार्ग सांगते, मागणी नाही.

सरावासाठी शेवटचा कागद सयाजीरावांचा घ्या, घरातल्या कॉलेजवाल्या मुलांकडून भरून घ्या. 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण, पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड. 1904 मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा. 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा. आणि हे सगळं करणारा गादीवरचा महाराजा, निवडून न आलेला. 1789 च्या व्हर्सायमध्ये त्यांना अध्यक्षांच्या कुठल्या हाताला बसवणार, यावर पोरं भांडायला लागली की समजा पाच पट्ट्या नीट आखल्या गेल्यात. पहिल्या तीन मिनिटांत सगळ्यांचं एकमत झालं, तर टोकांना मागण्या लिहिल्यात की ‘डावं-उजवं’च लिहिलंय, ते एकदा बघून घ्या.